पीटचा ओलावा प्रकाशाने मोजायचा कसा: पुण्यातल्या नव्या इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरसाठी

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या छोट्या सेन्सर कारखान्यात तुम्ही नुकतेच लागला आहात. साहेबांनी एक फाइल हातात दिली आणि म्हणाले, "एस्टोनियाचं गिऱ्हाईक आहे. पीट काढताना ओलावा मोजायचाय, ऑप्टिकल सेन्सरने. बघ जरा." अशा वेळी काय करायचं, कुठून सुरुवात करायची, हे सांगायला हा लेख आहे. आपल्या कॉलेजांत पीट शिकवत नाहीत आणि पुण्याच्या आसपास ते निघतही नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे माणूस डेटाशीट वाचत बसतो आणि मूळ काम राहून जातं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हा सेन्सर पाणी मोजत नाही, परत आलेला प्रकाश मोजतो. त्या प्रकाशाचा "४५ टक्के ओलावा" होतो तो तुम्ही ओव्हनमध्ये वाळवलेल्या नमुन्यांमुळे. नमुने चांगले असतील तर साधा सेन्सरही उत्तम चालतो. नमुने वाईट असतील तर कितीही महाग डिटेक्टर घ्या, आकड्याला अर्थ नाही.

१. आधी पीट म्हणजे काय ते हाताळून बघा

पीट म्हणजे दलदलीत हवेविना अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि वनस्पती. थर वर्षाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे एक मीटर जाडीमागे हजारेक वर्षं असतात. मूळ दलदलीत त्याच्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग पाणीच असतो. चर खोदून पाणी काढतात, मग उन्हाळ्यात वरचा एक-दोन सेंटिमीटरचा थर यंत्राने खरवडून मोकळा करतात, तो उन्हा-वाऱ्यात वाळू देतात, मधूनमधून उलटतात, ओळीत ओढतात आणि उचलतात. उचलायचा तो साधारण ४० ते ५० टक्के ओलाव्याला. पाऊस नसेल तर ही एक फेरी दोन-तीन दिवसांत होते.

ओलावा इतका का महत्त्वाचा, हे एका हिशोबात कळतं. ८० टक्के ओल्या पीटमध्ये एक किलो कोरड्या मालामागे चार किलो पाणी असतं. ४५ टक्क्यांवर ते सुमारे ८०० ग्रॅम उरतं. म्हणजे किलोमागे तीन किलोहून जास्त पाणी नुसत्या उन्हाने उडवायचं असतं. एक दिवस आधी उचललं तर ढिगात ओला माल जातो, ढीग आतून तापतो, कधी पेटतोही. एक दिवस उशीर केला तर धूळ उडते, आणि फार वाळलेलं पीट पुन्हा पाणी धरायला तयार होत नाही. शेतकऱ्याला उत्तर लागतं ते त्याच दुपारी, ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या. ओव्हनचं उत्तर दुसऱ्या दिवशी येतं.

पीटलँड पृथ्वीच्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के भागावर आहेत, पण मातीतल्या कार्बनचा सुमारे एक तृतीयांश साठा त्यांच्यात आहे. आयर्लंडच्या 'बोर्ड ना मोना' या सरकारी कंपनीने २०२१ च्या जानेवारीत पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. बाल्टिक देशांत आणि कॅनडात नर्सरीसाठी ते अजून निघतं. मला वाटतं, जे खरवडलं जातं त्यातलं चुकीच्या ओलाव्यामुळे वाया जाऊ नये, एवढी जबाबदारी आपल्या सेन्सरवर नक्की आहे.

हात लावायला पीट हवं तर तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये किंवा उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमध्ये चौकशी करा. रोपांच्या ट्रेसाठी आयात केलेलं पीट मॉस वापरणारे लोक तिथे भेटतात. थोडं विकत घ्या, ओलं करा, मुठीत पिळा. बोटांतून स्वच्छ पाणी आलं तर कमी कुजलेलं, गढूळ चिखल निघाला तर जास्त कुजलेलं. हीच 'फॉन पोस्ट' चाचणी, एच १ ते एच १० अशी श्रेणी असलेली. गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये "एच ३" दिसलं की याचाच उल्लेख आहे असं समजा.

२. सामान आणि कागद

टेबलावर हे हवं:

- १०५ अंशांवर स्थिर राहणारा हॉट एअर ओव्हन
- ०.०१ ग्रॅमपर्यंतचा वजनकाटा
- झाकणाचे ॲल्युमिनियमचे डबे, नंबर कोरलेले (मार्करचा नंबर ओव्हनमध्ये उडतो)
- डेसिकेटर (आतली हवा कोरडी ठेवणारा बंद डबा) आणि त्यासाठी निळं किंवा नारिंगी सिलिका जेल
- जाड झिप-लॉक पिशव्या
- पांढरी सिरॅमिक टाइल आणि ती ठेवायला बंद डबी
- काळी खोकी, काळा मखमली कागद

किरकोळ इलेक्ट्रॉनिक्स बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि आसपास मिळतं. इन्फ्रारेड एलईडी आणि डिटेक्टर मात्र मागवावे लागतात. ते यायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात ऑर्डर टाका.

कागदांमध्ये एक सापळा आहे. गिऱ्हाईक प्रेमाने म्हणतं, "दोन किलो पीट कुरिअरने पाठवतो." थांबवा. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार पीट भारतात आणायला परवाना लागतो. परवान्याविना आलेलं पाकीट कस्टममध्ये अडकतं आणि महिना जातो. एक तर परवान्यासाठी वेळेत अर्ज करा, नाहीतर सरावासाठी इथे मिळणारं आयात पीट वापरा आणि शेवटचं कॅलिब्रेशन (सेन्सरचं वाचन ओव्हनच्या आकड्याशी जुळवणं) गिऱ्हाइकाच्या शेतावर करायचं ठरवा. मी दुसरा मार्ग सुचवेन. तसंही शेतावर पुन्हा कॅलिब्रेशन करावंच लागतं.

३. तरंगलांबी आणि डिटेक्टर निवडा

पाणी जवळच्या इन्फ्रारेडमध्ये ठरावीक ठिकाणी प्रकाश शोषतं: ९७०, १२००, १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास. ९७० वर शोषण सगळ्यांत कमी, १९४० वर सगळ्यांत जास्त. नवीन माणूस जोरदार सिग्नल म्हणून १९४० निवडतो. कोरड्या मालाला ते ठीक, पण ४०-५० टक्के ओल्या पीटवर तिथला जवळजवळ सगळा प्रकाश गिळला जातो आणि ४५ आणि ५५ मधला फरकच दिसेनासा होतो. पीट उचलण्याच्या टप्प्यासाठी १४५० घ्या.

सोबत एक संदर्भ तरंगलांबी लागतेच, जिथे पाणी कमी शोषतं. १३०० च्या आसपास सोपं पडतं. पीट काळं आहे, काही ठिकाणी जास्त काळं. सेन्सरची उंची बदलते, काच मळते. हे सगळं दोन्ही तरंगलांबींवर जवळजवळ सारखं परिणाम करतं, म्हणून दोघांचं गुणोत्तर घेतलं की बरंचसं कटतं. त्या गुणोत्तराचा लॉग हीच तुमची कच्ची राशी.

डिटेक्टर इनगॅस (InGaAs, इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा) घ्या, तो १७०० नॅनोमीटरपर्यंत बघतो. स्वस्त सिलिकॉन फोटोडायोड ११०० च्या पुढे आंधळा असतो. याच कारणाने मोबाइलच्या कॅमेऱ्यातून १४५० चा एलईडी तपासू नका. टीव्हीच्या रिमोटचा उजेड दिसतो तसा याचा दिसणार नाही, आणि चांगला एलईडी जळाला समजून तुम्ही काढून टाकाल.

प्रकाशासाठी हॅलोजन की एलईडी? मी एलईडीच्या बाजूने आहे. हॅलोजन गरम होतो, आणि कोरड्या पीटची धूळ गरम पृष्ठभागावर साचली तर धुमसू शकते. शिवाय हॅलोजनसोबत दोन्ही तरंगलांबी आळीपाळीने सोडणारी फिरती फिल्टर चकती येते. ट्रॅक्टर ताशी १० किलोमीटरने चालला तर सेकंदाला २.८ मीटर जातो. चकतीच्या एका फेरीला ४० मिलिसेकंद लागले तर तेवढ्यात यंत्र ११ सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं, आणि तुमच्या दोन तरंगलांबी वेगवेगळी जमीन बघतात. एलईडी मिलिसेकंदाच्या अंतराने लावता येतात. तेवढ्यात सरकतं तीन मिलिमीटरसुद्धा नाही.

पुढची काच खरी काचच असू द्या. स्थानिक फॅब्रिकेटर पटकन ॲक्रिलिक कापून देतो, दिसायलाही छान दिसतं. ॲक्रिलिक १४०० च्या आसपास आणि १७०० जवळ स्वतःच शोषतं, त्यामुळे सिग्नल खातं.

४. ओव्हनचा आकडा पक्का करा

रिकामा डबा ३२ ग्रॅम. ओलं पीट घालून ९२ ग्रॅम, म्हणजे नमुना ६० ग्रॅम. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवलं, साधारण एक दिवस-रात्र. आता डब्यासह ६५ ग्रॅम. पाणी गेलं २७ ग्रॅम, कोरडा माल ३३ ग्रॅम.

आता इथे नीट बघा. २७ भागिले ६०, म्हणजे ४५ टक्के. हा ओल्या वजनावरचा ओलावा, पीटवाले हाच बोलतात. २७ भागिले ३३, म्हणजे ८२ टक्के. हा कोरड्या वजनावरचा; सिव्हिलच्या माती प्रयोगशाळा हा देतात. पाणी तेच, डबा तोच, आकडे दोन. गिऱ्हाइकाला पहिल्याच मेलमध्ये विचारा, "तुमचा टक्का ओल्या वजनावर ना?" आणि तुमच्या प्रत्येक एक्सेल शीटच्या वरच्या ओळीत ते लिहून ठेवा.

घाई म्हणून तापमान १३०-१४० करू नका. पीट सेंद्रिय आहे. पाण्यासोबत दुसरंही काही उडतं आणि ओलावा खोटा वाढतो. घरचा मायक्रोवेव्ह तर नकोच, आत पीट धुमसायला लागतं.

पुण्याच्या दोन खास अडचणी. पावसाळ्यात गरम डबा टेबलावर थंड करायला ठेवला तर काट्यावर वजन डोळ्यांदेखत वाढत जातं, कारण कोरडं पीट हवेतला दमटपणा ओढून घेतं. डबा झाकण लावून डेसिकेटरमध्येच थंड करा आणि लगेच तोला. दुसरी, गुरुवार. औद्योगिक भागात गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात. बुधवारी संध्याकाळी लावलेला घाणा वीज गेल्याने थंड होतो, पुन्हा दमट होतो, आणि शुक्रवारी कुणाच्या लक्षातही येत नाही. मोठे घाणे सोमवार-मंगळवारी लावा.

५. नमुने तयार करा (इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या)

लागतात साधारण तीस-चाळीस नमुने, ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान पसरलेले. सगळेच ४५ च्या आजूबाजूचे असतील तर गुणोत्तराचा लॉग आणि ओव्हनचा ओलावा यांना जोडणारी रेषा कागदावर सुंदर दिसेल आणि शेतावर पहिल्याच सरीनंतर कोलमडेल.

बहुतेक जण काय करतात? कोरडं पीट घेतात, स्प्रेच्या बाटलीने मोजून पाणी मारतात आणि लगेच सेन्सरखाली धरतात. हे करून बघा, एकदा डोळ्यांनी बघणं चांगलं. फार कोरड्या पीटवर पाणी अळवाच्या पानावरच्यासारखं थेंब-थेंब उभं राहतं. आत शिरतच नाही. सेन्सर फक्त वरची कातडी बघतो, काही ठिकाणी मिलिमीटरही खोल जात नाही, म्हणून त्याला सगळं ओलंच ओलं दिसतं. ओव्हन म्हणतो ३५, सेन्सर म्हणतो ६०. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण तुमचं कॅलिब्रेशन गेलं.

उलट्या दिशेने जा. पीट भरपूर ओलं करून झाकून दोन दिवस मुरू द्या. मग ट्रेमध्ये पातळ पसरून पंख्याखाली वाळू द्या, मधूनमधून हाताने उलटा, आणि दर थोड्या वेळाने एक मूठभर पिशवीत भरून बंद करा. शेतात पीट असंच ओल्याकडून कोरड्याकडे जातं, म्हणून पाण्याची जागाही तशीच राहते. पिशव्या रात्रभर बंद ठेवा, म्हणजे आतबाहेरचा ओलावा सारखा होतो. दुसऱ्या दिवशी पिशवी हलवून, ओतून, सेन्सरखाली वाचन घ्या.

वाचन झालं की तेच पीट, त्याच मिनिटाला, डब्यात जायला हवं. चहा पिऊन आल्यावर नव्हे. पसरलेल्या पीटचा वरचा थर पंख्याखाली काही मिनिटांत एक-दोन टक्के उतरतो. प्रत्येक नमुन्याचे दोन डबे लावा. दोघांत एक टक्क्याहून जास्त फरक आला तर नमुना टाकून द्या. काड्या, मुळं, लाकडाचे तुकडे दिसले तर त्यांची नोंद करा, वेचून फेकू नका. शेतात ते असणारच आहेत.

कमी कुजलेल्या आणि जास्त कुजलेल्या पीटचे नमुने वेगळे ठेवा, त्यांच्या रेषा वेगळ्या येतात. रंग आणि कणांचा आकार बदलला की प्रकाश किती आत जातो तेच बदलतं. एकाच रेषेत दोघांना कोंबण्यापेक्षा यंत्रावर दोन कॅलिब्रेशन ठेवा आणि चालकाला निवडू द्या.

६. उन्हाशी जुळवून घ्या

ऊन म्हणजे फुकटचा इन्फ्रारेड. १४५० च्या आसपास हवेतली वाफ उन्हाचा बराच भाग आधीच शोषून घेते, पण १३०० वर ऊन भरपूर पोहोचतं. म्हणजे उघड्यावर, काही खबरदारी न घेता, संदर्भाचा सिग्नल फुगतो आणि मोजणीचा तेवढा फुगत नाही. गुणोत्तर बिघडतं, सेन्सर पीट आहे त्यापेक्षा ओलं सांगतो. ढग आला की आकडा खाली, ढग गेला की वर. गिऱ्हाईक म्हणतं सेन्सर वेडा आहे.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र करा. एलईडी काही किलोहर्ट्झने चालू-बंद करा आणि डिटेक्टरकडून फक्त तीच लय उचला. ही लय १०० हर्ट्झच्या पटीत ठेवू नका, नाहीतर वर्कशॉपमधले दिवे त्रास देतील. ॲम्प्लिफायर उन्हाने भरून जाणार नाही एवढी जागा ठेवा; भरला की लय कितीही अचूक असो, काही वाचत नाही. आणि रबराची झालर असलेलं काळं आवरण लावा. उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन तासन्‌तास तिरपं असतं, ते आवरणाखालून आत येतं.

चाचणीला लांब जायला नको. एप्रिलच्या दुपारी कारखान्याच्या गच्चीवर ट्रे ठेवा, पुठ्ठ्याने सावली करा, काढा. आकडा अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त हलला तर सर्किटकडे परत जा. याच गच्चीवर तापमानाचीही चाचणी होते: एलईडी तापला की त्याची तरंगलांबी थोडी वाढते, म्हणून आत तापमानाचा सेन्सर हवाच.

७. यंत्रावर जागा ठरवा

शेतात पसरलेल्या पीटचा वरचा पापुद्रा आधी वाळतो, खाली ओलंच असतं. सेन्सर नुसताच जमिनीकडे तोंड करून लावला तर तो तुम्हाला "तयार आहे" सांगेल आणि हार्वेस्टरमध्ये ओला माल चढेल. म्हणून उलटणाऱ्या अवजाराच्या लगेच मागे, जिथे ताजं पीट वर आलेलं असतं, किंवा हार्वेस्टरच्या पट्ट्यावर, जिथे माल मिसळलेला असतो, तिथे बसवा. व्हॅक्यूमने ओढणाऱ्या यंत्रात नळीच्या खिडकीतून बघता येतं, पण काच घासली जाते.

एका मीटरमध्ये शेकडो वाचनं मिळतात. त्यांची सरासरी घेऊ नका, मधलं मूल्य (मीडियन) घ्या. एखादं ओंडक्याचं टोक किंवा ढेकळाची सावली सरासरी ओढून नेते, मधल्या मूल्याला फारसा धक्का लागत नाही. सोबत जीपीएसची नोंद ठेवा. कुठल्या चराजवळ शेत उशिरा वाळतं ते नकाशावर दिसलं की शेतकरी सेन्सरवर विश्वास ठेवायला लागतो.

पीटची धूळ स्फोटकही असते. सेन्सर नळीत किंवा बंद पेटीत जाणार असेल तर ती जागा एटेक्स (स्फोटक वातावरणासाठीचे युरोपीय नियम) क्षेत्रात मोडते का, हे डिझाइन सुरू करण्याआधी लेखी विचारा.

८. कॅलिब्रेशन तपासा

नमुन्यांचे दोन भाग करा. दोन तृतीयांशांवर रेषा बसवा, उरलेल्यांवर तपासा. तपासणीच्या नमुन्यांवर चूक दोन-तीन टक्क्यांत आली तर उचलायचं की नाही हे ठरवायला ती पुरते. रेषेऐवजी चौथ्या घाताचा वक्र बसवून चूक अर्धा टक्का आणायचा मोह टाळा. तो वक्र तुमच्या चाळीस पिशव्यांना ओळखतो, पीटला नाही.

रोज सकाळी सेन्सर वीसेक मिनिटं तापू द्या, मग सिरॅमिक टाइलवर एक वाचन आणि झाकण लावून अंधारात एक वाचन. टाइलचा आकडा सरकला तर आधी काच पुसा. तरीही सरकलेलाच राहिला, तरच आतल्या सेटिंगला हात लावा.

पीट मिळत नसेल त्या दिवसांत कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) सराव करा, किंवा साखर कारखान्याच्या बगॅसवर (उसाच्या चिपाडावर). गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये साधारण ५० टक्के ओलावा असतो, म्हणजे ओलाव्याचा पट्टा तोच. पद्धत जशीच्या तशी चालते, रेषा मात्र नवीन काढावी लागते.

९. गिऱ्हाइकाकडे जाताना

- शेंगेन बिझनेस व्हिसा, निमंत्रण पत्र, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा
- यंत्र परत आणायचं असेल तर एटीए कार्ने (वस्तू तात्पुरती बाहेर नेऊन परत आणण्याचा कस्टमचा कागद). भारतात फिक्की देते, त्यात प्रत्येक वस्तू आणि तिचा सिरियल नंबर लिहावा लागतो
- सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेत, टोकांना टेप लावून
- टाइल हातातल्या बॅगेत

हंगाम साधारण मे ते ऑगस्ट. त्याआधी पोहोचलात तर मोजायला कोरडं पीट नसतं. तिथे ओव्हन आणि वजनकाटा आहे का ते निघण्याआधी विचारा, आणि नंबर कोरलेले रिकामे डबे इथूनच न्या. पहिल्या दिवशी सेन्सर बसवण्याआधी शेताच्या वेगवेगळ्या भागांतून दहा-बारा नमुने घेऊन ओव्हन लावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची रेषा किती वर-खाली सरकवायची ते कळतं. बहुतेक वेळा उतार तोच राहतो, नुसता शून्य हलवावा लागतो. केलेला बदल, तारीख आणि शेताचं नाव यंत्राच्या पेटीच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहा. पुढच्या हंगामात जो कुणी जाईल त्याला तो कागद आधी वाचायला सांगा.